लिटल रॉक सेंट्रल हायस्कूल: वारसा वास्तूचा की घटनेचा?

जिज्ञासू: अमेरिकेच्या आर्कन्सा राज्यातील या सार्वजनिक शाळेची इमारत १९२७ मध्ये पूर्ण झाली आणि १९५७ मध्ये नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या प्रवेशावरून ती जगभर गाजली. १९८२ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला, तो बांधकामशैलीसाठी की त्या घटनेसाठी? आत आजही वर्ग भरत असतील, तर तिचे जतन कोण करते?

वास्तुप्रेमी: दर्जा मुख्यतः घटनेसाठीच आहे, मात्र वास्तू दुय्यम आहे असे मला वाटत नाही. पाच वास्तुविशारदांनी आखलेल्या आणि त्या काळी पंधरा लाख डॉलर खर्चून बांधलेल्या या इमारतीच्या प्रवेशद्वारावर महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी यांच्या प्रतीकमूर्ती उभ्या आहेत, आणि ही सारी संधी केवळ गोऱ्या मुलांसाठी राखीव होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२९ मध्ये, याच पाचांपैकी विटेनबर्ग आणि डेलोनी यांनी कृष्णवर्णीय मुलांसाठी डनबार हायस्कूल बांधले. त्याचा खर्च सुमारे चार लाख डॉलर होता आणि त्यातही कृष्णवर्णीयांच्या शाळांना साहाय्य करणाऱ्या रोझेनवाल्ड निधीची मदत घ्यावी लागली. वर्णानुसार शाळा वेगळ्या ठेवणाऱ्या ‘विभक्त पण समान’ या धोरणातली समानता किती खरी होती, हे दोन्ही इमारती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की कळते.

इतिहासवाचक: वास्तुप्रेमींच्या मुद्द्याला जोडून सांगतो. शाळेचा दर्शनी भाग दोन ‘सिटी ब्लॉक’एवढा, म्हणजे दोन आडव्या रस्त्यांमधल्या अंतराच्या दुप्पट लांब आहे. ४ सप्टेंबर १९५७ रोजी राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी तैनात केलेल्या नॅशनल गार्ड या राज्याच्या राखीव सैन्यदलाच्या जवानांनी अडवल्यावर एलिझाबेथ एकफर्ड ही विद्यार्थिनी संतप्त जमावातून हा सगळा रस्ता एकटी चालून बसथांब्यापर्यंत गेली. २३ तारखेला नऊही जणांना बाजूच्या दाराने आत नेले गेले, पण जमाव अनावर झाल्याने दुपारपूर्वीच बाहेर काढावे लागले. २५ तारखेला मात्र अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाठवलेल्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या सैनिकांच्या पहाऱ्यात ते समोरच्या पायऱ्या चढून आत गेले.

जिज्ञासू: आभारी आहे. या सर्व काळात शाळा चालू राहिली का?

वास्तुप्रेमी: ते वर्ष पार पडले आणि मे १९५८ मध्ये अर्नेस्ट ग्रीन येथून शालेय शिक्षण पूर्ण करणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरले. पुढच्या वर्षी मात्र गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे एकत्रीकरण टाळण्यासाठी शहरातील चारही सार्वजनिक हायस्कूल बंद ठेवण्यात आली. करारबद्ध शिक्षक रिकाम्या वर्गांत हजेरी लावत होते आणि फुटबॉलचे सामने (हे विशेष!) तरीही खेळले गेले. १९५९ च्या ऑगस्टमध्ये शाळा पुन्हा उघडल्या.

इतिहासवाचक: जतनाचा प्रश्न राहिला. १९९८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या कायद्याने येथे राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ स्थापन झाले. परंतु इमारत शालेय प्रशासनाच्याच ताब्यात असून तेथे नियमित वर्ग भरतात. नॅशनल पार्क सर्व्हिस ही राष्ट्रीय उद्याने आणि ऐतिहासिक स्थळे सांभाळणारी सरकारी संस्था जवळचे अभ्यागत केंद्र चालवते आणि आधी नोंदणी करणाऱ्यांना मार्गदर्शकासह शाळा दाखवते. ज्या पेट्रोल पंपावरच्या दूरध्वनीवरून पत्रकारांनी १९५७ मध्ये बातम्या पाठवल्या, तो पंपही तिथेच जपून ठेवलेला आहे.