चर्चा: पहिलीच्या मुलांना वाचायला त्यांच्याच बोलण्यातून शिकवावं का?

पहिलीची बाई: माझी शाळा पालघर जिल्ह्यातल्या कोळीवाड्यात. ऑगस्टात मासेमारीची बंदी उठली आणि एक मुलगी वर्गात शिरता शिरता म्हणाली, "बाई, माझा बापूस दर्यान गेला." मी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. दिवसभर ती फळ्यापाशी घुटमळत होती, येईल त्याला शब्दाखाली बोट ठेवून दाखवत होती. 'कमळ बघ' वाचताना असं कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. न्यूझीलंडमध्ये शिक्षिका सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर तिथल्या मूळ रहिवासी माओरी समाजातल्या मुलांना त्यांनीच सांगितलेला शब्द कार्डावर लिहून देत. आपणही सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

मुळाक्षर: बाई, पहिल्याच वाक्यात रफार! मुलगी वाचत नाहीये, तिला वाक्य पाठ आहे. 'दर्यान' झाकून नुसतं 'दर' लिहा, वाचते का बघा. शिवाय न्यूझीलंडचं ते उदाहरण इंग्रजी वाचनाचं. तिथं स्पेलिंगचा भरवसा नाही, म्हणून अख्खा शब्द ओळखणं उपयोगी पडतं. आपलं अक्षर बहुतेक वेळा एकच उच्चार सांगतं. ही सोय सोडून मुलांना अंदाजावर का ठेवायचं?

पहिलीची बाई: 'दर' तिला आलं नाही, हे खरं. पण मी वाक्यावर थांबत नाही. 'बापूस' फोडला, तर बाप, बस, साप, पास निघतात. शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये ब्राझीलमधल्या आंजिकोसला हेच केलं. शब्द शेतमजुरांच्या जगण्यातला घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, तुकड्यांतून नवे शब्द जुळवायचे. सुमारे ३०० प्रौढांचे ४० तासांचे वर्ग होते ते. अक्षरं मीही शिकवते, फक्त ती मुलांच्या शब्दांतून काढते.

मुळाक्षर: फोडत असाल तर माझा निम्मा विरोध मावळला. पण मग शब्द तुम्ही निवडता, मूल नव्हे. 'दर्या' बाजूला ठेवून 'बापूस' उचललात ना?

पहिलीची बाई: हो, उचलला. बोलतात मुलं, त्यातलं आधी काय फोडायचं ते मी ठरवते. त्यात मला काही गैर वाटत नाही.

एक आई: मी कोळीणच आहे. 'बापूस' म्हटलं म्हणून शाळेत सगळ्यांसमोर हसं झालं होतं माझं. माझ्या लेकराला 'वडील' आधी यावं असं मला वाटतं, कारण पुढं पुस्तकात तेच आहे, परीक्षेतही तेच. घरचं बोलणं घरी येतंच की.

पहिलीची बाई: ताई, तुमचं म्हणणं मला लागलं. फळ्यावर 'बापूस'च्या शेजारी मी 'वडील'ही लिहीन. पण 'बापूस' पुसणार नाही. तो फळ्यावर दिसला, तर हसायची हिंमत कुणाला होईल?