अनुभव धागा: क्रूझवरचा पोहायचा पूल आणि लहान पोरं

ऑक्टोबर उजाडला की मुरगाव बंदरात क्रूझ लागायला सुरुवात होते, आणि आपल्यातली बरीच मंडळी दोन-तीन रात्रींसाठी पोराबाळांसकट चढतात. गोव्यात तारवटी (जहाजावर नोकरी करणारा) नाही असा वाडा शोधावा लागेल, तेव्हा जाणकारांना इथे तोटा नाही. विषय एवढाच: पाच-सहा वर्षांखालचं मूल आणि जहाजाचा पूल. 'लक्ष ठेवा' नको, कसं ठेवायचं ते लिहा.

डेकवर काम करणारा, वास्को
मोठ्यांचा पूल बऱ्याच जहाजांवर उतरता नसतो. शेवटची पायरी सुटली की थेट छातीभर पाणी. काठावर खोलीचे आकडे रंगवलेले असतात, चढल्या दिवशीच ते बघून घ्या.

दुसरं म्हणजे डुलणं. जहाज कलतं तसं पुलातलं पाणीही या टोकाकडून त्या टोकाकडे सरकतं. आत्ता पोराच्या कमरेला असलेलं पाणी पुढच्या हेलकाव्याला हनुवटीला लागतं आणि पाय सुटतात. त्यामुळे 'त्याचे पाय टेकतात' हा हिशेब समुद्रात चालत नाही. पाणी काठावरून सांडायला लागलं की मूल बाहेर घ्यायचं. पूल बंद करून वर जाळी टाकेपर्यंत थांबायचं नाही.

आणि कळंगुटच्या किनाऱ्यावर जीवरक्षक दिसतात तसे इथे असतीलच असं धरू नका. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या क्रूझ कंपन्यांनी २०१७ साली त्यांना नेमायचं ठरवलं, डिस्नेने त्याच्याही आधी. सगळ्या कंपन्यांकडे आजही नाहीत. टॉवेल देणारा मुलगा टॉवेल देण्यासाठी असतो.

पोहणं शिकवणारी, फोंडा
दंडाला लावायचे फुगे हे खेळणं आहे. दोन तोटे: हात वर केले की सटकतात, आणि मुलाला पाण्यात उभं धरतात. बुडणारं मूल नेमकं तसंच उभं असतं. फुग्यांवर वाढलेल्या पोराला आडवं होऊन तरंगायची सवयच लागत नाही. तरंगायचं जाकीट घ्या, तेही दोन पायांमधून पट्टा जाणारं. खांद्याशी धरून वर ओढून बघा. कानापर्यंत चढलं तर माप मोठं आहे. काही जहाजांवर पुलापाशी फुकट मिळतं. खोलीतलं नारिंगी जाकीट मात्र जहाज सोडायची वेळ आली तर वापरायचं आहे, त्याला पुलात नेऊ नका.

पोहायचे कपडे भडक घ्या, गर्द गुलाबी किंवा नारिंगी. निळ्या-पांढऱ्या कपड्यातलं मूल तळाशी गेलं तर निळ्या फरशीवर दिसतच नाही.

बुडणारं मूल ओरडत नाही. डोकं मागे, तोंड पाण्याच्या रेषेवर वरखाली, हात पाणी खाली दाबतायत आणि पुढे सरकणं शून्य. एका मिनिटाच्या आतच ते खाली जातं. म्हणून आपण पाण्यात, हात लांबवला की मूल हाताला लागेल इतक्या अंतरावर. आजी, मामा, आत्या असे आठजण काठावर बसले की कोणीच बघत नसतं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या पाळ्या लावा, तोंडाने सांगून सोपवा: 'आता तू.' पाळीवरच्या माणसाच्या हातात फोनही नको आणि ग्लासही नको.

दोन लेकरांचा बाप, डिचोली
डायपर घालणाऱ्या बाळाला पुलात घेऊन चालेल का? पोहायचा डायपर आहे आमच्याकडे.

डेकवर काम करणारा, वास्को
बहुतेक जहाजांवर नाही, पोहायचा असला तरी. तो शी थोडा वेळ अडवतो, लघवी अडवत नाही. पुलात शी झाली की पूल बंद करून निर्जंतुक करावा लागतो. कारंज्यांचा वेगळा भाग असेल तर तिथे विचारा. गरम पाण्याच्या टबात तर घेऊच नका. तिथे पाणी ४० अंशांपर्यंत असतं, लहान अंग पटकन तापतं. आणि मुलींचे केस घट्ट बांधा. पाणी खेचणाऱ्या जाळीत मोकळे केस अडकतात.

बालरुग्ण विभागातली परिचारिका, मडगाव
आपल्याकडे अजून पोट दाबतात, उलटं धरून झटकतात. दोन्ही करू नका, पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जातं. श्वास नसेल तर आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्या, छाती उठताना दिसली पाहिजे. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात. मग छातीवर ३० दाब, २ श्वास, असंच चालू. दाब छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत, मिनिटाला १०० ते १२०. दुसऱ्याने तोवर जहाजाच्या दवाखान्याला कळवायचं. तो नंबर खोलीतल्या फोनपाशी लिहिलेला असतो, आधीच पाठ करा.

गटांगळी खाऊन हसत बाहेर आलेलं मूल पुढच्या काही तासांत सतत खोकू लागलं, धापू लागलं किंवा अवेळी पेंगू लागलं तर लगेच दाखवा.

पोहणं शिकवणारी, फोंडा
एक राहिलं. निघताना आधी खेळणी पाण्यातून बाहेर, मग जाकीट उतरवायचं. उलट केलंत तर तुम्ही टॉवेल झटकत असता आणि पोर तरंगणाऱ्या बदकाकडे वळलेलं असतं.