मूठभर स्पॅनिश? त्लाश्कालाला विसरलात
पाचशे-सहाशे स्पॅनिशांनी मेक्सिकोतलं ॲझ्टेक साम्राज्य बुडवलं, असं सर्रास म्हटलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. ॲझ्टेकांचं शत्रू असलेलं शेजारचं राज्य, त्लाश्काला, त्याचं काय? १५१९च्या सप्टेंबरात तिथले लोक आधी स्पॅनिशांचा म्होरक्या कोर्तेस याच्याशी जोरदार लढले, मगच हातमिळवणी केली. ॲझ्टेकांनी चहूबाजूंनी कोंडी करून त्लाश्कालांचं मीठ आणि कापूससुद्धा बंद केला होता. (बिनमिठाचं जेवण वर्षानुवर्षं, राग किती साचला असेल!) १५२१मध्ये ॲझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लानला वेढा घालणाऱ्यांत बहुसंख्य स्थानिकच होते. अर्थात त्लाश्कालातही एकमत नव्हतं. तरुण सेनापती शिकोतेन्कात्लला ही युती खटकत होती. वेढ्याच्या तोंडावर तो सैन्य सोडून निघून गेला, आणि कोर्तेसने त्याला फासावर लटकवलं. तरीही त्लाश्कालांना सरसकट 'फितूर' म्हणणं पटत नाही. ॲझ्टेक त्यांचे 'आपले' होते कधी?