मदत हवी आहे: जनरेटरला जादा सायलेन्सर लावल्यापासून लोड घेत नाही

किनारेकर
नमस्कार मंडळी. दापोलीजवळ आमचा होमस्टे आहे. आवाजावरून शेजाऱ्यांची रोजची कटकट, म्हणून जनरेटरला आणखी एक सायलेन्सर बसवून घेतला. आवाज कमी झाला, पण आता लोड टाकला की इंजिन दबतं, काळा धूर ओकतं आणि पंखे मंदावतात. आधी झक्कास चालायचा. शनिवारी सगळ्या खोल्या बुक आहेत आणि इकडे लाइटीचा काही भरवसा नाही. मेकॅनिक नुसता "येतो येतो" करतोय. लवकर सांगा.

रेंचपान्हा
किती केव्हीए (जनरेटरची क्षमता)? सिलिंडर किती? लोड काय काय? पाइप किती इंची, किती लांब? फोटो टाका.

किनारेकर
दहा केव्हीए, डिझेल. लोड नेहमीचाच. सायलेन्सरबद्दल विचारलंय, लोडबद्दल नाही.

पुळणवारा
डिझेल फिल्टर बदला. पावसाळ्यात टाकीत पाणी उतरतं. आमच्या गिरणीला हाच त्रास होता.

रेंचपान्हा
फिल्टर चोंदला तर डिझेल कमी पडेल, मग काळा धूर कुठून येईल? काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. जळालेला धूर बाहेर पडत नसेल तर नवी हवा आत शिरणार कशी? किनारेकर, पाइपाचं माप अजून सांगितलं नाहीत.

आंबोळी
गव्हर्नराचो (इंजिनाचो वेग सांभाळता तो) स्प्रिंग वायच ताण मां. काकान गिरणीच्या इंजिनाक तसाच केल्यान, दोन मिनटात काम.

रेंचपान्हा
नका हो असलं काही सांगू! गिरणीच्या इंजिनाला चाललं असेल. इथे 1500 आरपीएमला (मिनिटाला फेरे) 50 हर्ट्झ मिळतात. स्प्रिंग ताणलात तर लोड कमी असताना वेग वर जाईल, व्होल्टेजही चढू शकतं, आणि पाहुण्यांचे चार्जर उडतील.

आंबोळी
माका शिकव नको. इंजिना बघीतच वाढलंय.

सौरऊर्जाप्रेमी
2026 मध्ये जनरेटर कशाला? छपरावर सोलर टाका, आवाज नाही, धूर नाही.

पुळणवारा
साधा ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनीला जोडलेला) सोलर लाइट गेली की आपोआप बंद होतो. लाइनमनला शॉक बसू नये म्हणून तशी सोयच असते. बॅटरी घेतलीत तरच उपयोग. 2020 च्या निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, तेव्हा जनरेटरवाल्याच्याच दारात मोबाइल चार्जिंगला रांग होती.

खलाशी
आम्ही बोटीत एक्झॉस्टच्या बेंडमध्ये समुद्राचं पाणी सोडतो. पाइप थंड, आवाज गायब.

रेंचपान्हा
ती बोट आहे. हे एअरकूल्ड इंजिन असावं, आणि घराच्या मागे समुद्र कुठून आणायचा?

किनारेकर
बरं, माप घ्या. इंजिनाचं तोंड दोन इंची. वेल्डरकडे दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप शिल्लक होता, तोच वापरला. आधी जुना सायलेन्सर, मग नवा, मग वळसा घालून कंपाउंडच्या मागे. चार एल्बो (काटकोनी वळणं). शेवटचा तुकडा जमिनीत पुरलाय, तोंड गटाराकडे. लोडला दोन एसी आणि पाण्याचा पंप.

रेंचपान्हा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं ना! धूर तेवढाच असेल तर पाइपाचा व्यास घटला की अडथळा त्याच्या पाचव्या घाताने वाढतो. दोनचा दीड इंच केलात की चौपटीहून जास्त. त्यात चार एल्बो आणि पुरलेल्या भागात साचलेलं पाणी. इंजिनाची बरीच ताकद धूर ढकलण्यातच जात असेल.

खात्री करायला जुन्या सायलेन्सरनंतरचा फ्लँज (पाइप जोडणारी बोल्टची चकती) सोडा आणि तोच लोड टाका. वेग टिकला, धूर थांबला, तर दोष पाइपाचाच. हे शेडचं दार सताड उघडून आणि पाहुणे नसताना करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुरुस्ती म्हणाल तर पुढचा सगळा पाइप अडीच इंची घ्या, एल्बोऐवजी लांब बेंड, उतार इंजिनापासून बाहेरच्या बाजूला आणि सखल जागी पाणी काढायला कॉक. इंजिनाजवळ फ्लेक्सिबल तुकडा हवाच, नाहीतर सगळं वजन मॅनिफोल्डवर (इंजिनाचा धूर गोळा करणारा भाग) येऊन तो तडकेल. तोंड खिडक्यांपासून लांब, वर, पाऊस अडवणाऱ्या झडपेसह. गटारात अजिबात नको.

नियमपुस्तक
2005 पासून बनलेल्या 1000 केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटर संचाला एन्क्लोजरपासून (जनरेटरच्या पेटीपासून) एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 हवेतला आवाज 45 च्या आत हवा.

पुळणवारा
शिवाय बराचसा आवाज इंजिनाच्या अंगाचाच असतो, सायलेन्सर त्याला काय करणार? खाली रबर माउंट टाका, शेडला आतून रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर) लावा. हवेची वाट मात्र बुजवू नका, इंजिन तापेल.

आंबोळी
बघ, आधी स्प्रिंग ताणून बघल्यान असता तर येवढा लिवचा लागला नसता.

किनारेकर
फ्लँज सोडून चालवला. दोन्ही एसी आणि पंप घेतले, धूर नाही. आवाज मात्र असा की शेजारचे काका कुंपणावर आले. अडीच इंची लांब बेंड दापोलीत एकाच दुकानात विचारला, "ऑर्डर द्या" म्हणाले. खेडमध्ये शनिवारच्या आत कुठे मिळेल? सोलरवाल्यांनी कृपया उत्तर देऊ नये.