टिटिकाका सरोवरावरील तरंगती बेटे : पाहावीत की टाळावीत?

अनवट :

मे महिन्यात आम्ही दोघे पेरूला जाऊन आलो. टिटिकाका सरोवर सुमारे ३,८१२ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे काठावरच्या पुनो शहरातला पहिला दिवस डोकेदुखी सांभाळत आणि कोकाच्या पानांचा काढा पीत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पर्यटक जातात तिथेच, म्हणजे उरोस लोकांनी लव्हाळ्यापासून बांधलेल्या तरंगत्या बेटांवर गेलो. सरोवराच्या सौंदर्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. इतके निळे पाणी मी अन्यत्र पाहिलेले नाही. तरीही पुढे जाणाऱ्यांना माझे सांगणे आहे की ही अर्ध्या दिवसाची फेरी वगळावी आणि तो वेळ याच सरोवरातल्या ताकिले बेटावर मुक्काम करण्यात घालवावा.

आमची नाव बेटाला लागताच रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांनी "कामिसाराकी" असे आयमारा भाषेतले अभिवादन केले आणि "वालिकी" हे त्याचे उत्तर आमच्याकडून घोकून घेतले. बेटाच्या प्रमुखाने बाहुलीच्या खेळातल्यासारख्या झोपड्या, होडी आणि मुळांचा एक ठोकळा मांडून बेट कसे बांधतात ते दाखवले. मग झोपडीत नेऊन त्यांचे पोशाख आम्हाला चढवणे, छायाचित्रे, भरतकामाच्या कापडांची मांडामांड, आणि शेवटी वेगळे पैसे देऊन लव्हाळ्याच्या होडीतून फेरी. निरोपाला तीन भाषांतली गाणी झाली. आमची नाव सुटल्यावर मागे वळून पाहिले, तर दुसरी नाव लागत होती आणि त्याच चिमुकल्या झोपड्या पुन्हा पिशवीतून निघत होत्या.

या लोकांची मूळ भाषा लोपली असून ते आता आयमारा बोलतात. अनेक कुटुंबांची पुनोमध्ये घरे आहेत. होडीच्या पोटात प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या भरलेल्या असतात. मी घेतलेल्या कापडासारखीच कापडे संध्याकाळी पुनोच्या बाजारात टांगलेली दिसली. कोणी पोटासाठी पैसे मिळवत असेल तर त्याला माझा आक्षेप नाही. एका जमातीचे जगणे चाळीस मिनिटांच्या प्रयोगात बसवायचे आणि परत येऊन आपण त्यांची संस्कृती पाहिली असे सांगायचे, हे मला खटकते.

शिंपले :

अनवट, आपले निरीक्षण अचूक आहे, परंतु निष्कर्ष मला मान्य नाही. त्या चिमुकल्या झोपड्यांच्या प्रयोगाकडे आपण इतके पाहिलेत की पायाखालच्या बेटाकडे लक्ष गेले नाही. तोतोरा हे तिथले लव्हाळे. पावसाळ्यात पाणी चढले की त्याच्या मुळांचे जाडजूड थर तळापासून सुटून वर येतात. त्यांना खिली म्हणतात. लांब करवतीने खिलीचे ठोकळे कापायचे, मेखा ठोकून ते दोरांनी एकमेकांना बांधायचे, काही काळाने मुळे आपोआप एकमेकांत गुंततात, आणि मग त्यावर तोतोऱ्याचे आडवे-उभे थर रचायचे. हे थर खालून सतत कुजत असतात, म्हणून दर काही आठवड्यांनी, आणि पावसात त्याहूनही लवकर, वरून नवे लव्हाळे घालावे लागते. राहणारी माणसे निघून गेली तर असे बेट टिकत नाही. निव्वळ देखाव्यासाठी कोणी एवढी मेहनत वर्षानुवर्षे करील, असे मला वाटत नाही.

बाटल्यांचे म्हणाल तर लव्हाळ्याची होडी काही महिन्यांत पाणी पिऊन जड होते. बाटल्या भरल्या की ती अधिक काळ चालते आणि लव्हाळेही कमी लागते. ही कारागिराची अक्कल आहे. याच सरोवराच्या बोलिव्हियाकडील सुरिकी बेटावरच्या आयमारा कारागिरांना नॉर्वेचे साहसी दर्यावर्दी-संशोधक थॉर हेयरडाल यांनी १९७० साली मोरोक्कोत बोलावून घेतले होते. या कारागिरांनी पपायरस या पाणगवताची बांधलेली 'रा दोन' ही नौका अटलांटिक ओलांडून ५७ दिवसांत बार्बाडोसला पोहोचली. आदल्या वर्षी दुसऱ्या कारागिरांनी बांधलेली पहिली नौका मुक्कामी पोहोचू शकली नव्हती.

भाषा गेली हे खरे, पण ती पर्यटकांमुळे गेलेली नाही. आयमारा शेजाऱ्यांत मिसळताना ती पर्यटक येण्याच्या आधीच मागे पडली. उरोस ज्या उरू कुळातले, त्याच कुळातले चिपाया लोक बोलिव्हियात आपली भाषा आजही बोलतात. शिवाय २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात उरोस लोकांचा वंशवारसा आजूबाजूच्या आयमारा आणि केचुआ लोकांहून काहीसा वेगळा आढळला. भाषा बदललेल्या माणसाला नकली ठरवायचे असेल, तर आपल्यापैकी कितीजण आजीची बोली बोलतात तेही मोजावे लागेल.

घाटवाट :

एक लहानशी गोष्ट नोंदवतो. आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी भरतकामाच्या कापडासाठी अर्धा तास घासाघीस केली, शेवटी पाच सोल (पेरूचे चलन) कमी करून घेतले आणि नावेत बसल्यावर "हे सगळे पर्यटकांना लुटायला बसलेत" असे मोठ्याने जाहीर केले. त्या गृहस्थांनी त्याच संध्याकाळी जेवणावर किती खर्च केला, हे मी मुद्दाम विचारले नाही.

मागकरीण :

मी स्वतः हातमागावर काम करते, त्यामुळे या चर्चेतल्या कापडाच्या मुद्द्यावर मला बोलावेसे वाटते, आणि त्यात मी बरीचशी अनवट यांच्या बाजूची आहे. उरोस बेटांवर खरे शिकण्यासारखे शिल्प लव्हाळ्याचे आहे. कापड हा तिथला मूळ व्यवसाय नव्हे. भडक रंगांच्या धाग्यांनी भरलेली सूर्याची, पृथ्वीमातेची आणि होड्यांची चित्रे पुष्कळदा गिऱ्हाइकाचा डोळा ओळखून काढलेली असतात. त्यात वाईट काही नाही, पण ज्याला विणकाम पाहायचे आहे त्याने ताकिलेलाच जावे.

ताकिले हे तरंगते नव्हे, खडकाचे बेट आहे. धक्क्यापासून वर चढायला पाचशेहून अधिक पायऱ्या आहेत आणि त्या उंचीवर प्रत्येक पायरीचा हिशेब द्यावा लागतो. तिथले लोक केचुआ बोलतात. सुयांवरचे विणकाम तिथे पुरुषांचे असते. सात-आठ वर्षांचा मुलगा कानटोपी विणायला बसतो, आणि टोपीच्या रंगांवरून तो पुरुष विवाहित आहे की अविवाहित हे बेटावर कोणालाही कळते : संपूर्ण लाल टोपी विवाहिताची, वरचा भाग पांढरा असलेली अविवाहिताची. माझ्या भेटीत एक आजोबा चढण चढता चढता विणत होते. मी धापा टाकत होते आणि त्यांचा टाकाही चुकत नव्हता. मागावर स्त्रिया रुंद कमरपट्टे विणतात, त्यांवर शेतीचे आणि सणांचे वर्षचक्र चिन्हांनी उतरलेले असते. युनेस्कोने २००५ साली ताकिलेच्या वस्त्रकलेला अमूर्त वारशाचा मान दिला आणि २००८ मध्ये ती प्रातिनिधिक सूचीत आली.

चौकातल्या सहकारी दुकानात प्रत्येक वस्तूवर ठरलेली किंमत असते. घासाघिशीला वाव नाही. एका घराने दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन भाव पाडू नये, हा त्यामागचा हेतू. पैठणीच्या बाजारात हा नियम असता तर येवल्यातल्या किती विणकरांचे संसार सुखाचे झाले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

मात्र अनवट, ताकिलेला आपण जेवढे निर्मळ समजता तेवढे ते नाही. पर्यटकांची ने-आण पूर्वी बेटवासी आपल्याच नावांतून करीत. पुढे पुनोतल्या प्रवासी कंपन्यांनी तो धंदा बळकावला. पर्यटक सकाळी येतो, जेवतो, दुपारी परततो, आणि त्याच्या पैशांतला मोठा वाटा शहरातच राहतो.

अनवट :

शिंपले, बेट कुजते आणि म्हणून ते सतत घडवावे लागते, हा मुद्दा मी पुरेसा विचारात घेतला नव्हता. भाषेबद्दलचे माझे वाक्यही मागे घेतो, ते अन्यायाचे होते. परंतु लव्हाळे खरे असल्याने तो प्रयोग खरा ठरत नाही. घडवण्याचे खरे काम, म्हणजे खिली कापणे आणि थर घालणे, आम्हाला कोणी दाखवले नाही. दाखवला तो नमुना. १९८६ च्या वादळानंतर बरीच बेटे किनाऱ्याजवळ येऊन वसली. तेव्हा कारण जिवाचे होते, पण आता पर्यटकांच्या नावा थोडक्या वेळात फेरी मारू शकतात, हेच ती तिथे राहण्याचे मुख्य कारण झाले आहे. मागकरीणताईंनी सांगितलेला कंपन्यांचा मुद्दा इथे तर अधिकच लागू पडतो.

पाणवठा :

आपण सगळे कापडावर आणि खरेखोटेपणावर वाद घालत आहात, आणि सरोवराच्या पाण्याचा विषय कोणीच काढलेला नाही. पुनोचे सांडपाणी वर्षानुवर्षे पुरेशी प्रक्रिया न होता आतल्या उपसागरात जात आहे. तिथे पाण्यावर हिरव्या शेवाळी वनस्पतीची साय धरते आणि खाली मासळी मरते. २०२३ मध्ये अवर्षणामुळे सरोवराची पातळी विक्रमी नीचांकाच्या जवळ गेली, उथळ भागातला तोतोरा उघडा पडून वाळला आणि काही ठिकाणी नावा गाळात रुतल्या. लव्हाळे गेले तर बेट, झोपडी, होडी, गुरांचा चारा हे सगळेच जाते. पुनोच्या हॉटेलांमध्ये राहणारे आपण त्या सांडपाण्यात भर घालतो. म्हणून माझे मत दोघांच्याही विरुद्ध आहे : गर्दी कमी झाली पाहिजे. वर्षाकाठी जाणाऱ्यांची संख्या ठरवून द्यावी, मग प्रयोग दहा मिनिटांचा असो वा दहा दिवसांचा.

शिंपले :

पाणवठा, रोगाचे निदान मान्य आहे, औषध मान्य नाही. मैलापाण्याचा प्रश्न शहराच्या नळांचा आणि शुद्धीकरण केंद्रांचा आहे. पर्यटक घटले म्हणून शहराची गटारे थांबणार नाहीत, मात्र बेटावरची मिळकत त्याच महिन्यात थांबेल. १९७८ साली तिथे राष्ट्रीय राखीव क्षेत्र जाहीर झाले, तेव्हापासून तोतोरा कोणी व किती कापायचा यावर उरोस लोकांना शासनाशी भांडावे लागले आहे. मासे, पाणपक्षी आणि लव्हाळे यांवर जगणे असे आधीच आखडलेले असताना संख्येची मर्यादा कोणी ठरवायची, पुनोतल्या कचेरीने की बेटांच्या प्रमुखांनी?

अनवट, शेवटचे एक आपल्यासाठी. मी कंपनीच्या नावेने न जाता धक्क्यावरून बेटवासीयांच्या सामुदायिक नावेने गेलो आणि एका कुटुंबाकडे रात्री राहिलो. पहाटे पाचला नवरा-बायको दोघे होडी घेऊन निघाले; मीही मागे लागलो. परतताना होडी तोतोऱ्याने इतकी भरली होती की मला भाऱ्यावरच बसावे लागले. बेटावर पोहोचल्यावर तो भारा झोपडीच्या मागच्या ओल्या बाजूला पसरण्यात सकाळ गेली. नऊ वाजता पर्यटकांची पहिली नाव दिसली, तशी तिने हात धुतले, टोपी घातली आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली. दुपारी तिच्यापुढच्या कापडांतली स्वतः केलेली कोणती, असे मी विचारले. तिने दोन उचलून माझ्या हातात दिली आणि बाकीची घडी करून बाजूला ठेवली.