धोका गोदीपुरता नाही
ॲस्बेस्टॉस म्हणजे जुन्या सिमेंट पत्र्यांत आणि ब्रेकमध्ये वापरलेलं तंतुमय खनिज, त्याची धूळ फुफ्फुसात गेली की घातक. पण त्याच्या धोक्याची चर्चा गोव्यातल्या वास्कोच्या जहाजगोदीपुरतीच अडकलीय. मे महिन्यात सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवरचं शेवाळ तारेच्या ब्रशानं खरवडणारा माणूस, केबल ओढायला त्या पत्र्यांना भोक पाडणारा इलेक्ट्रिशियन, जुन्या ब्रेक-ड्रममध्ये कॉम्प्रेसरची हवा मारणारा मेकॅनिक, आणि त्यांचे कपडे झटकून धुणारी घरची बाई, यांना कोण मोजतं? पत्रा आधी भिजवा, ग्राइंडर तर नकोच. ड्रम ओल्या फडक्यानं पुसा. सर्जिकल मास्क कुचकामी, कडेनं धूळ आत जातेच. मेसोथेलिओमा, म्हणजे या धुळीमुळे होणारा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, बहुधा 20 ते 40 वर्षांनी उपटतो, त्यामुळे गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवताना पहिल्या नोकरीपासूनची सगळी कामं सांगा. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात कामाला होतात, तर आरोग्यनोंद मागा: सुप्रीम कोर्टाच्या 1995 च्या निकालानुसार ती नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं जपायची असते.