मदत हवी आहे: चाळिशीच्या मावसभावासाठी कायदेशीर पालकत्व (पुणे)

नमस्कार. धायरीला माझी मावशी आणि तिचा एकुलता एक मुलगा राहतात. दादाला जन्मापासून बौद्धिक अक्षमता आहे. काका गेले, पेन्शन नाही. मावशी दोन घरी पोळ्या करते आणि दादाला संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान मिळतं, त्यावर घर चालतं.

केवायसीच्या वेळी बँकेत दादाची सही जुळेना. साहेब म्हणाले, याला व्यवहार कळत नाही, कायदेशीर पालक नेमल्याचं प्रमाणपत्र आणा. "अहो, मी आई आहे ना त्याची," मावशी म्हणाली. पण मूल 18 वर्षांचं झालं की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आता अनुदान खात्यात पडून आहे. एका वकिलांनी कोर्टातून करून देतो म्हणून सांगितलेली फी मावशीच्या आवाक्याबाहेरची आहे.

वाचून मला एवढं कळलं: राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त अपंगत्व) एवढ्यांसाठीच. दादाकडे ससून रुग्णालयाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. दुसरीकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं आणि त्या माणसाशी बोलून, त्याच्या इच्छेप्रमाणे. मला मनापासून हे पटतं. दादा रोज बसने कार्यशाळेत जातो, कागदी पिशव्या करतो, अंगात कुठला शर्ट घालायचा, कुणाच्या घरी जायचं नाही, सगळं स्वतः ठरवतो. दहा-वीसच्या नोटा ओळखतो, फक्त पैसे काढायची स्लिप त्याला भरता येत नाही. त्या स्लिपपायी त्याचे सगळे निर्णय दुसऱ्याच्या हाती जावेत, हे मला बरोबर वाटत नाही.

समितीकडच्या अर्जात 'फक्त बँक आणि अनुदान' असं लिहिता येतं का? वकिलाशिवाय जमतं का? आणि मावशी सत्तरीला आली, तिच्यानंतर काय? दोन्ही मामांनी अंग काढून घेतलंय. मी तयार आहे, पण नोकरी नाशिकला.

प्रतिसाद

ताई, माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिचं पालकत्व आम्ही समितीकडूनच घेतलं, वकील लागला नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याच्या कलम 14 प्रमाणे समितीने दोन गोष्टी पाहायच्या असतात: पालकाची खरंच गरज आहे का आणि कशासाठी. म्हणून हेतू अर्जात स्वच्छ लिहा आणि दादाला सोबत न्या, त्याला बोलू द्या. समितीचं प्रमाणपत्र ग्राह्य धरायला रिझर्व्ह बँकेने बँकांना 2007 मध्येच कळवलंय, बँकेने खळखळ केली तर हे सांगा.

वकील लागलाच तर शिवाजीनगर कोर्टात मोफत वकील देणारं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. दिव्यांग व्यक्ती आणि महिला, दोघांनाही तिथे उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन करूनही विचारता येतं.

एक गोष्ट मावशींना आधीच समजावून सांगा. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत दादाच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. पासबुक भरून ठेवायची सवय आतापासून लावा.

त्यांच्यानंतरचं म्हणाल, तर राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी असलेली संस्थाही पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकते. दादाची कार्यशाळा चालवणारी संस्था नोंदलेली आहे का, विचारा. पालकाने हेळसांड केली किंवा पैसा खाल्ला, तर त्याला काढून टाकण्याची तरतूदही कायद्यात आहे.

इतर वाचकांसाठी: नुसत्या स्किझोफ्रेनिया किंवा डिमेन्शियासाठी ही समिती पालक नेमत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांपुरता असतो, बँकेसाठी नाही.

धागाकर्ती

खूप आभार. संस्थेच्या बाईंशी उद्याच बोलते. पुण्यात कुणी अलीकडे समितीपुढे गेलं असेल, तर मी नाशिकला राहून मावशीनंतर पालक होऊ शकेन का, हे कृपया सांगा.